पेसमेकर लागणार हे ठरलं, पण वायर नेमकी कुठे?

प्रश्न : बाबा (वय ७१) दोनदा चक्कर येऊन पडले, ईसीजीत कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला, आता ऍडमिट आहेत. पेसमेकर लागणार हे आम्हाला पटलंय. पण काल डॉक्टरांनी एक फॉर्म हातात ठेवला, त्यांच्याकडे म्हणे स्टडी चालू आहे, निम्म्या पेशंटना वायर नेहमीच्या जागी आणि निम्म्यांना नव्या जागी, आणि कुणाला कुठे ते कॉम्प्युटर ठरवणार. रात्रभर झोप नाही मला. काय चांगलं ते डॉक्टरांनाच माहीत नाही का? आणि प्रयोग आमच्या बाबांवरच कशाला?

उत्तर : सगळ्यात आधी एक, फॉर्मवर विचार करायचाय म्हणून पेसमेकर लांबवू नका. कम्प्लीट ब्लॉकमध्ये ते परवडत नाही. सही नाही केली तरी पेसमेकर बसणारच, तो तुमचा हक्क आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही, डॉक्टरांना खरंच पूर्ण माहीत नाहीये आणि ते तसं सांगतायत ही मला तरी चांगली खूण वाटते.

आपल्या हृदयात स्वतःचं वायरिंग असतं, वरच्या कप्प्यातून निघालेला करंट मधल्या एव्ही नोडमधून खाली येतो, मग हिस बंडल, त्याच्या डाव्या-उजव्या दोन फांद्या, आणि दोन्ही खालचे कप्पे जवळजवळ एकदमच आकुंचन पावतात. ब्लॉक झाला की वरचा निरोप खाली पोचत नाही. पूर्वी प्रश्न एवढाच होता की ठोका पडतोय की नाही. शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना लावला, तो काही तासांतच बंद पडला, पुढे आयुष्यभरात त्यांना वीसच्या वर पेसमेकर बदलावे लागले, पण गडी २००१ पर्यंत जगला! तेव्हा वायर कुठे हे विचारायला कुणाला फुरसत होती? नंतर शिरेतून वायर सरकवायची आणि उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी अडकवायची हे सगळ्यात सोपं म्हणून तेच रूढ झालं.

गोची अशी की तिथून दिलेला करंट वायरिंगमधून जात नाही, स्नायूतून हळूहळू पसरतो, त्यामुळे डावी बाजू उशिरा आकुंचन पावते. बहुतेकांना याने वर्षानुवर्षं काही होत नाही हेही लिहून ठेवा, नाहीतर पेसमेकरवाले सगळे वाचक आज घाबरून फोन करतील. पण २००२ची डेव्हिड ट्रायल बघा. ५०६ पेशंट, हृदय आधीच कमकुवत, शॉक देणारं मशीन बसवलेलं, पेसिंगची तशी गरज नव्हती. एका गटात मशीन मिनिटाला ७० ठोके राखायचं, दुसऱ्यात ४०च्या खाली गेलं तरच मदत. वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरचं ऍडमिशन टळलेले लोक ४०वाल्या गटात सुमारे ८४ टक्के आणि ७०वाल्यात ७३. म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर.

ज्यांना पेसिंग कमी करता येतं त्यांचं मशीन तसं सेट करतात, पण तुमच्या बाबांना तर जवळपास प्रत्येक ठोक्याला लागणार, तिथे कमी काय करणार? म्हणून मग जागा बदलायचा विचार आला. एक मार्ग म्हणजे डाव्या कप्प्यासाठीही वेगळी वायर, २०१३च्या ब्लॉक एचएफ ट्रायलमध्ये ६९१ पेशंटवर ते फक्त उजव्या बाजूपेक्षा सरस ठरलं, पण त्या सगळ्यांचं पंपिंग (ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं) आधीच ५० टक्के किंवा कमी होतं. दुसरा मार्ग, करंट सरळ मूळ वायरिंगलाच द्यायचा. २००० साली हिस बंडलवर हे करून दाखवलं गेलं, पण जागा अगदी इवलीशी, करंट जास्त लागतो आणि बॅटरी लवकर संपते. मग २०१७ मध्ये चीनमधल्या वेनझोऊच्या वेजिआन हुआंग आणि सहकाऱ्यांनी दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात वायर स्क्रूसारखी खोल नेऊन डावी फांदी गाठली. तुमच्या फॉर्ममधली 'नवी जागा' बहुतेक हीच असणार, खात्री करून घ्या.

मग सगळ्यांना हेच का लावत नाहीत? युरोपातल्या १४ केंद्रांच्या मेलोस नोंदींमध्ये अडीच हजारांवर पेशंट होते, ठोके मंद असलेल्यांत ९२ टक्के वेळा वायर नीट लागली. छान आकडा आहे. पण त्या नोंदी आहेत, चिठ्ठी टाकून केलेली तुलना नाही, आणि नवी पद्धत आधी हात बसलेले डॉक्टर करतात, बऱ्यापैकी धडधाकट पेशंट निवडले जातात, त्यामुळे पद्धत चांगली की पेशंट चांगले हे कळत नाही. शिवाय पडद्यातून वायर आरपार जाण्याचा धोका आहे, आणि पंधरा वर्षांनी ती काढायची वेळ आली तर काय, याचा अनुभव असणार कुठून, पद्धतच एवढी जुनी नाही. कॉम्प्युटरने चिठ्ठी टाकायची ती यासाठी.

सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा की त्यांनी स्वतः नव्या जागी किती वायरी लावल्यात, बाबांचा ईएफ किती आहे, नव्या जागी जमलं नाही तर पुढे काय आणि गुंतागुंत झाली तर खर्च कुणाचा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सहीची कॉपी मागा, संकोच नको. मधेच बाहेर पडता येतं, उपचार थांबत नाहीत. ईएफ आधीच कमी असेल तर मी जुनी जागा मिळण्याच्या शक्यतेवर अडून चर्चा करेन, नॉर्मल असेल तर माझ्या वडिलांसाठी मी सही केली असती.

प्रश्न : बहीण २६ वर्षांची, रक्त बघितलं किंवा खूप वेळ उभी राहिली की बेशुद्ध पडते. एकांनी पेसमेकर सुचवला. बसवावा का?

उत्तर : घाई नको. यावरचा किस्सा माझा फार आवडता आहे. १९९९ मध्ये ५४ पेशंटच्या ट्रायलमध्ये पेसमेकरचा इतका फायदा दिसला की ट्रायल लवकर थांबवली. मग त्याच मंडळींनी पुन्हा केली, या वेळी १०० जणांना सगळ्यांनाच मशीन बसवलं पण निम्म्यांचं पेसिंग बंद ठेवलं, पेशंटला पत्ताच नाही. सहा महिन्यांत बंदवाल्या ५२पैकी २२ पुन्हा पडले, चालूवाल्या ४८पैकी १६, फरक ठामपणे सांगावा इतका नव्हता. म्हणजे आधीचा बराचसा गुण 'आपल्याला मशीन बसवलंय' या भरवशाचा असावा. पुढे २०१२च्या ट्रायलमध्ये फायदा दिसला, पण चाळिशीपुढच्या आणि रेकॉर्डरवर हृदय खरंच काही सेकंद थांबलेलं पकडलेल्या लोकांत. बहिणीची नीट तपासणी करून घ्या, पाणी भरपूर, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की लाज न बाळगता आहे तिथे आडवं व्हायचं.

प्रश्न : बिनवायरचा पेसमेकर आलाय म्हणे, मग वायरच्या जागेचा वादच संपला ना?

उत्तर : नाही हो. कॅप्सूलएवढं मशीन मांडीच्या शिरेतून आत सोडतात, २०१६ पासून अमेरिकेत त्याला परवानगी आहे, वायर तुटणं आणि छातीच्या कातडीखाली मशीन ठेवतात त्या खिशातलं इन्फेक्शन ही डोकेदुखी गेली. पण नेहमीची कॅप्सूल बसते उजव्या खालच्या कप्प्यातच.