पुण्यातल्या कारखान्यांच्या वाढीमुळे बेळगावचा वीजवापर वाढतो का?

हो, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या फौंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने बघा. इथली कास्टिंग्ज (ओतीव भाग) पुणे-कोल्हापूरच्या वाहन, पंप आणि इंजिनांच्या कारखान्यांना जातात. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते. वाळू तयार करणं, फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं), कॉम्प्रेसर हे सगळं वेगळं. मीटर फिरतो हेस्कॉमचा, म्हणजे कर्नाटकातल्या वीज कंपनीचा, वस्तू वापरली जाते महाराष्ट्रात. म्हणजे ट्रकमधून नुसतं लोखंड जात नाही, खर्च झालेली वीजही जाते. साखळी मागेही जाते: पिग आयर्न (फौंड्रीत वितळवायचं कच्चं लोखंड) कोप्पळकडच्या झोतभट्टीत तयार झालं असेल, तर कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन) तिथे जळलेला असतो.

साखरेचं थोडं उलटं आहे. कारखाने बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) स्वतःची वीज करतात, वरची ग्रिडला विकतात.

म्हणूनच फक्त जिल्ह्याचा वीजवापर बघून ‘बेळगाव फार ऊर्जा खातं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जिथे माल वापरला जातो, त्या शहराच्या खात्यावरही ती ऊर्जा मांडायला हवी. भट्ट्या सुधारायचा खर्च मात्र आज इथल्या छोट्या फौंड्रीवाल्यावरच पडतो. खरेदीदार कंपन्यांनी दर ठरवताना तो धरायला हवा.