मसाई मारासाठी मुदत ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार,

ऐरोलीहून आपण लिहिले आहे की, नववीतल्या मुलाला घेऊन येत्या ऑगस्टमध्ये केनियातील मसाई मारा हे अभयारण्य पाहायचे आहे. तिघांच्या साडेसात लाखांच्या खर्चासाठी पाच लाखांची मुदत ठेव मोडावी आणि उरलेले अडीच लाख वैयक्तिक कर्जातून उभे करावेत, असा आपला विचार आहे.

ही सहल आपण जरूर करावी, मात्र या पैशांतून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गृहकर्जाचा ३८ हजारांचा हप्ता आणि ६० हजारांचा घरखर्च धरला, तर अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचे ५ लाख ८८ हजार रुपये हाताशी हवेत. म्हणजे आपली एकुलती एक ठेव आजच अपुरी आहे. शिवाय अडीच लाखांच्या कर्जावर १४ टक्के दराने तीन वर्षांत ५७ हजारांहून अधिक व्याज जाईल.

दरमहा ३५ हजार शिल्लक राहतात, असे आपण कळवले आहे. त्यातील ३० हजारांचे आवर्ती ठेव खाते उघडल्यास दोन वर्षांत मुद्दलच ७ लाख २० हजार होते आणि व्याज धरून आजचा खर्च भागतो. तोवर मुलाची दहावीही पार पडलेली असेल. एवढ्या कमी मुदतीसाठी शेअर बाजारातील एसआयपी नको. उरलेले पाच हजार ठेवीची तूट भरून काढण्यासाठी बाजूला टाकावेत.

महिना कोणता, यावर बराच खर्च ठरतो. मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला २०२४ पासून जानेवारी ते जून दररोज १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबर २०० डॉलर शुल्क पडते, कारण साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डबीस्ट या हरणासारख्या मोठ्या प्राण्यांचे कळप टांझानियातील सेरेंगेटीतून गवताच्या शोधात तिकडे येतात. मुलाचा जीव मारा नदी ओलांडणाऱ्या त्या कळपांत अडकला असेल, तर त्याच काळात जावे लागेल. सिंह, चित्ते आणि हत्ती मात्र तेथे बारमाही असतात. तेवढ्यावर त्याचे समाधान होणार असेल, तर फेब्रुवारीत तीन दिवसांत आपणा दोघांच्या शुल्कातच ६०० डॉलर वाचतील. हे त्यालाच विचारावे. तोपर्यंत मे महिन्यात ताडोबा दाखवता येईल; उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर दिसण्याची शक्यता अधिक असते.

सहल कंपनी टीसीएस (सहलीच्या रकमेसोबतच घेतला जाणारा प्राप्तिकर) वसूल करते. ती रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती होत असली, तरी तोवर ती अडकून पडते, हे लक्षात ठेवावे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र नसल्यास परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते.