शटर नसलेल्या लेन्ससाठी घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक शटर बनवता येईल का?

तुमच्याकडे ४×५ इंची कॅमेरा आहे, पितळी नळीतली जुनी ३०० मिलिमीटरची लेन्स आहे, तिला शटर नाही. आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, हाताशी आहे. सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी) लावावी की सोलेनॉइड (वीज दिली की दांडा आत ओढणारं वेटोळं), आणि १/५०० सेकंदापर्यंत जाता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

शटर नक्की बनतं आणि चांगलं बनतं. १/५०० मात्र आत्ताच सोडून द्या. मोठ्या लेन्ससाठी कारखान्यात बनलेलं कोपाल ३ शटरसुद्धा १/१२५ च्या पुढे जात नाही. भोक मोठं झालं की पात्यांना तेवढंच जास्त अंतर कापावं लागतं, त्यातून सुटका नाही.

तशी गरजही पडत नाही. या कॅमेऱ्यावर आपण एफ/२२, एफ/३२ वर काम करतो (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं लेन्सचं भोक लहान). लख्ख उन्हात १०० आयएसओ (फिल्मचा वेग, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे) फिल्मला एफ/१६ वर साधारण १/१०० सेकंद लागतो. तेच एफ/३२ वर १/२५ होतं, एफ/४५ वर १/१२. फिल्मऐवजी फोटो पेपर वापरणार असाल तर त्याचा वेग ६ आयएसओच्या आसपास धरतात, म्हणजे भर उन्हातही एफ/३२ वर अर्ध्या सेकंदाच्या पुढेच. १/३० पर्यंत भरवशाचं शटर मिळालं तर तुमची जवळपास सगळी कामं होतील.

भरवशाचं म्हणजे काय, हा यातला कळीचा मुद्दा आहे. बहुतेक जण पातं किती चपळाईने हलतं याच्या मागे लागतात. पातं हलायला १०० मिलिसेकंद घेऊ द्या, काही बिघडत नाही. उघडताना जेवढा वेळ गेला तेवढाच मिटताना गेला पाहिजे, आणि दर वेळी तेवढाच गेला पाहिजे. दोन्हीकडचा उशीर सारखा असला की वजाबाकीत तो उडून जातो आणि फिल्मला मिळतो तो फक्त दोन आज्ञांमधला वेळ. तो मोजायला आर्डुइनो पुरून उरतो. १६ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर त्याचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं.

या कसोटीवर सर्वो कुठे अडतो ते बघा. एसजी९० सारख्या साध्या सर्वोला सेकंदाला ५० वेळा सिग्नल जातो, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एकदा. तुमची आज्ञा दोन सिग्नलांच्या मध्ये आली तर पुढच्या सिग्नलापर्यंत ती थांबते. कधी २ मिलिसेकंद, कधी १८. हा उशीर सारखा नसतो, त्यामुळे तो वजाही होत नाही. अर्ध्या सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये २० मिलिसेकंद म्हणजे चार टक्के, कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. १/३० म्हणजे मुळात ३३ मिलिसेकंद. तिथे २० ची चूक म्हणजे अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त फरक, तोही दर फोटोला वेगळा. फक्त पेपर निगेटिव्ह (फिल्मऐवजी फोटो पेपरवर) करणार असाल तर सर्वो आणि काळ्या पुठ्ठ्याची झडप लावा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

सोलेनॉइडचे प्रश्न वेगळे. त्याची ओढ सुरुवातीला, म्हणजे दांडा बाहेर असताना, सगळ्यात कमी असते. तो शेवटी ठोका देऊन थांबतो आणि तो ठोका थेट लेन्स बोर्डाला बसतो. धरून ठेवला की तापतो, आणि तापला की तारेचा रोध वाढून ओढ आणखी कमी होते.

वेल्डिंगच्या हेल्मेटमधली आपोआप काळी होणारी काच वापरता येईल का, हेही बरेच जण विचारतात. हलणारा एकही भाग नाही, म्हणून कल्पना मोहात पाडते. पण ती काच उघडी असतानाही गडद आणि हिरवट असते. त्याच तत्त्वावरचं स्वच्छ लिक्विड क्रिस्टल पॅनल मिळालं तरी बंद असताना ते थोडा प्रकाश सोडतंच. समजा, उघड्याच्या हजारावा भाग सोडतंय. मग १/३० च्या एक्सपोजरइतका प्रकाश बंद पॅनलमधून ३३ सेकंदांत आत जाईल. डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) काढून दहा सेकंद ढग सरकण्याची वाट पाहिली की फिल्मवर जवळपास तिसरा हिस्सा आगाऊ पडलेला. मी या वाटेला जाणार नाही.

माझं मत पडत्या पात्यांच्या शटरला आहे. दोन पाती, दोन छोटे इलेक्ट्रोमॅग्नेट, आणि ओढायला पृथ्वी. लेन्सच्या तोंडावर बसणारी उभी चपटी पेटी करायची आणि तिच्यात एकामागे एक दोन खाचा ठेवायच्या. पहिलं पातं भोक झाकून बसतं, दुसरं वरच्या बाजूला टांगलेलं असतं. पहिला चुंबक सोडला की पातं पडतं आणि भोक उघडतं. ठरलेल्या वेळाने दुसरा सोडला की दुसरं पातं पडून भोक झाकतं. दोन्ही एकाच दिशेने, एकाच वेगवाढीने पडतात, म्हणून भोकाच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला सारखाच वेळ मिळतो. एकच पातं वर नेऊन परत खाली आणलं असतं तर जी बाजू आधी उघडली ती शेवटी मिटली असती.

पात्यांच्या कडा भोकाच्या जरा वरून सोडा. ६० मिलिमीटरचं भोक अगदी कडेपासून पडू लागलेलं पातं ११० मिलिसेकंदांत ओलांडतं. तेच २० मिलिमीटर वरून सुटलं तर भोकापर्यंत येताना त्याने वेग घेतलेला असतो आणि भोक ६४ मिलिसेकंदांत पार होतं. पेटीची उंची त्यामुळे २७-२८ सेंटीमीटर होईल. बेढब दिसते खरी, पण तिच्यात झिजणारं फारसं काही नाही.

कॅमेरा थोडा वर किंवा खाली झुकवला तर पाती सावकाश पडतील, पण दोन्ही सारखीच सावकाश. एक्सपोजर तेच राहतं. मला हे या रचनेतलं सगळ्यात सुंदर वाटतं. फोटो उभा घ्यायचा असेल तर मागची फ्रेम फिरते, लेन्स जागची हलत नाही, त्यामुळे पेटी उभीच राहते. कॅमेरा सरळ खाली तोंड करून टेबलावरच्या वस्तूंचे फोटो घेणार असाल तर मात्र दोन्ही पात्यांना सारखे रबर बँड लावावे लागतील.

पाती अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याची करा. फार हलकी नकोत, पात्याला वजन असलं की घर्षणाचा वाटा कमी होतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून वरच्या कडेला पोलादाची छोटी पट्टी चिकटवा. तिच्यावर सेलोटेपचा एक थर द्या, नाहीतर वीज बंद झाल्यावरही उरलेल्या चुंबकत्वाने पातं क्षणभर लटकून राहतं. खाचांना तेल लावू नका. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते, तेल धूळ धरतं आणि महिन्याभरात पातं अडकायला लागतं. खाली दाबल्यावर हळूहळू फुगणारा फोम ठेवा, उसळणारा नको. पहिलं पातं उसळून परत भोकात डोकावलं तर सगळा फोटो गेला. दुसरं पातं भोकापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवलंत तर त्याच्या थोड्याशा उसळीने काही होत नाही.

पहिल्या पात्याची वरची कड आणि दुसऱ्याची खालची कड तीनेक मिलिमीटर एकमेकांवर असू द्या, म्हणजे मधून प्रकाश झिरपणार नाही. त्यामुळे एक्सपोजर साधारण तीन-चार मिलिसेकंदांनी कमी भरतं. तेवढे प्रोग्रॅममध्ये कायमचे मिळवून टाका. आतल्या भिंतींना काळा मखमली कागद लावा. थ्रीडी प्रिंट केलेली पेटी डोळ्यांना काळी दिसली तरी पातळ भिंतीतून प्रकाश येऊ शकतो. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवून बघा.

वायरिंगमध्ये विशेष काही नाही. प्रत्येक चुंबकाला ५ व्होल्टवर पूर्ण उघडणारा एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्या गेटपासून (आज्ञा घेणाऱ्या टोकापासून) सर्किटच्या ग्राउंडला १० किलोओहमचा रोध, आणि चुंबकाच्या दोन टोकांना उलटा जोडलेला १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). या डायोडमुळे चुंबक सुटायला काही मिलिसेकंद जास्त लागतात. लागू द्या. दोन्हीकडे तोच डायोड, त्याच बनावटीचा चुंबक आणि सारखंच वजन असलं की तो उशीर कटतो. एकीकडे हाताशी होता म्हणून वेगळा भाग जोडायचा मोह टाळा, हे शटर सारखेपणावरच उभं आहे. आर्डुइनोला वेगळी बॅटरी द्या.

मग मोजा. मोजल्याशिवाय एकही फिल्म वाया घालवू नका. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज देणारा भाग) भोकामागे ठेवा, समोर बॅटरीवर चालणारा टॉर्च धरा आणि डायोडची तार कॉम्प्युटरच्या माइकच्या खोबणीत द्या. आवाज रेकॉर्ड करायच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडताना एक टोक आणि मिटताना उलटं टोक दिसतं, मधलं अंतर म्हणजे तुमचं एक्सपोजर. डायोडवर बारीक फट असलेला काळा कागद लावून भोकाच्या वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी मोजा. १/३० वर दोन मिलिसेकंदांचा फरक म्हणजे स्टॉपचा जेमतेम दहावा भाग, स्लाइड फिल्मलाही तो चालतो. तिन्ही जागांचे आकडे एकाच बाजूला सरकत गेलेले दिसले तर एक पातं घासतंय असं समजा.

फ्लॅश वापरणार असाल तर लक्षात घ्या, १/८ किंवा त्याहून सावकाश वेगालाच भोक निश्चितपणे पूर्ण उघडं सापडतं. त्याहून जलद वेगांना पात्यांमधली फट सरकत जाते.

फोकस करताना पहिलं पातं पाडून ठेवा, दुसरं चुंबकाने धरलेलं राहू द्या. नंतर पहिलंही वर चढवा आणि मगच डार्क स्लाइड काढा. हा क्रम पेटीवरच लिहून ठेवा.

आणि आर्डुइनो जोडलाच आहे तर त्याला लांब एक्सपोजरचा हिशोबही शिकवा, कारण तेव्हा फिल्म मंदावते आणि मीटरने सांगितल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. फोमापान १०० या फिल्मसाठी कंपनीनेच दिलेले आकडे असे आहेत: मीटरने १ सेकंद सांगितला तर दुप्पट, १० सांगितले तर आठपट, १०० सांगितले तर सोळापट वेळ द्या. मधले आकडे प्रोग्रॅम काढू शकतो. संध्याकाळच्या उजेडात मीटरने १० दाखवले की बटण दाबा, ८० सेकंदांनी दुसरं पातं आपोआप पडेल. तेवढा वेळ पातं धरून चुंबक तापतो का, ते आधी घरी एकदा बघून घ्या.