वय झालं की मारकुटा नवरा शांत होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की मावशीच्या लग्नाला 24 वर्षं झाली, काका आधी नुसते बोलायचे, मग हात उचलायला लागले, आणि घरातले सगळे म्हणतात की वय झालं की निवळेल, तर खरंच निवळतो का माणूस.

नाही निवळत. मारणं कमी होऊ शकतं, पण ते कशामुळे कमी होतं ते नीट बघा, आमच्या घरातले सगळे तिथंच फसले.

मी अशाच घरात वाढले. सांगली जिल्ह्यातलं गाव, आण्णा साखर कारखान्यात, आई बालवाडीत शिकवायची. लग्न 1983 चं. पहिली दोन वर्षं एकदाही हात उचलला नाही, हे आई आजही त्यांच्या बाजूनं सांगते. पण त्याच दोन वर्षांत काय काय झालं ते विचारलं की एकेक बाहेर येतं. माहेरची पत्रं आधी तेच फोडायचे, पगाराचं पाकीट तसंच त्यांच्या हातात द्यायचं आणि मग भाजीला पैसे मागायचे, शेजारच्या काकूंकडे पाच मिनिटं जास्त बसली की दोन दिवस अबोला. याला तेव्हा कुणी त्रास म्हणायचं नाही, उलट काळजी करतो बायकोची असं म्हणायचे. इंग्लंडमध्ये 2015 पासून जोडीदाराला असं ताब्यात ठेवणं हा गुन्हा आहे, एक थप्पड न मारता सुद्धा. आपल्या 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातही मानसिक आणि पैशांवरून होणारा छळ धरलाय, पण पोरीच्या माहेरच्यांना विचाराल तर ते अजून वळ शोधतात.

पहिली थोबाडीत बसली तेव्हा आईला सातवा महिना होता, पोटात मी. कारण काय तर तिनं न विचारता माहेरी 50 रुपयांची मनीऑर्डर केली. बाई गरोदर असताना मार सुरू होतो किंवा वाढतो हे बऱ्याच घरांत घडतं, मावशीला कधीतरी हळूच विचारून बघा.

त्यानंतर आमच्याकडे जिलबी यायची. म्हणजे मारल्यावर दोन-तीन दिवसांनी आण्णा वर्तमानपत्रात बांधलेली गरम जिलबी आणायचे, कागदाला तेलाचे डाग, आणि आईला म्हणायचे घे गं, डोकं फिरलं होतं माझं. मी लहान असताना जिलबीचा वास आला की आधी आईच्या तोंडाकडे बघायचे, कुठं सुजलंय का ते. खूप वर्षांनी वाचलं की लेनोर वॉकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 साली हेच चक्र मांडलं होतं, आधी घरात ताण साठत जातो, मग मार, मग माफी आणि लाड, आणि परत पहिल्यापासून. सगळ्या घरांत ते असंच चालतं असं नाही, पण आमच्यात अगदी हेच होतं. पुढचंही जुळलं, वर्षं गेली तशी माफी आटत गेली. 1995 च्या आसपास जिलबी बंदच झाली. आईनं मला एकदा सांगितलं की मारापेक्षा ते तिला जास्त लागलं, कारण जिलबी होती तोवर तिला वाटायचं याला आतून कळतंय.

दुसरं म्हणजे प्रत्येक नवीन पायरीला आधीची पायरी लहान वाटायला लागते. पट्टा सुरू झाल्यावर थोबाडीत म्हणजे काहीच नाही, आई म्हणायची आज काय नाय गं, नुसतं ढकललं. तुमची मावशी "नुसतं" म्हणते का ते ऐका.

आणि राग आवरत नाही वगैरे डोक्यातून काढून टाका. एकदा मार चालू असताना गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली. आण्णांनी पट्टा खुंटीला अडकवला, दार उघडलं, 51 रुपये दिले, पावती घेतली, पोरांना विचारलं यंदा मूर्ती केवढी, हसले, दार लावलं आणि पट्टा परत काढला. कारखान्यात साहेबानं चारचौघांत झापलं तरी मान खाली घालून यायचे. म्हणजे आवरता येत होतं की!

2004 मध्ये त्यांनी आईचा गळा धरला. जखम काही दिसली नाही, पण आठवडाभर तिचा आवाज बसलेला, गिळताना दुखायचं, डोळ्यांत लाल ठिपके. आम्ही काढा दिला तिला. काढा! आज कळतं की गळा आवळणं ही वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकेतल्या 2008 च्या एका अभ्यासात दिसलं की नवऱ्यानं आधी गळा आवळलेला असेल तर त्याच्या हातून तिचा खून व्हायचा धोका सुमारे सातपट होतो. आणि बाहेरून काही न दिसता आत रक्तवाहिनीला इजा असू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं आणि गळा धरला हे स्पष्ट सांगून लिहून घ्यायचं.

त्यानंतर दहाएक वर्षं मार जवळजवळ थांबला. काका, आत्या, सगळे खूश, बघा निवळला की नाही. अहो, गरजच उरली नव्हती. पाण्याचा तांब्या जोरात खाली ठेवला की अख्खं घर गप्प, आई न सांगता माहेरच्या लग्नाला जायचं टाळायची. एकदा जीव जाता जाता राहिलेल्या माणसाला परत मारून दाखवावं लागत नाही.

मग 2015 ला आण्णा रिटायर झाले, दिवसभर घरात, आणि त्याच वर्षी आईचं बचत गटाचं पासबुक त्यांना सापडलं, तिच्या एकटीच्या नावावर 11 हजार. 58 वर्षांचा "निवळलेला" माणूस त्या रात्री अंगणातला रॉकेलचा कॅन आत घेऊन आला. ओतलं नाही. पलंगाजवळ नुसता आणून ठेवला आणि झोपला. म्हणजे वयाचा संबंधच नव्हता, हातातून सुटतीय असं वाटलं की झालं.

म्हणून सगळ्यात जास्त धोका ती सोडून जायला निघते तेव्हा आणि गेल्यावर पहिले काही महिने असतो. वसईच्या श्रद्धा वालकरची केस आठवत असेल, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये तिनं पोलिसांना सोबत राहणाऱ्या जोडीदाराबद्दल लेखी दिलं होतं की हा मला मारून तुकडे करीन म्हणतो, मग तक्रार मागे घेतली, 2022 च्या मे मध्ये दिल्लीत त्यानं तेच केलं. धमकीत पद्धत सांगितलेली असेल तर ती रागातली बडबड समजू नका.

आमची चूक सांगते. मी आईला घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेले, तिथं त्यांनी आण्णांना बोलावून समजूत काढली, चहा पाजला आणि दोघांना एकाच रिक्षात घरी पाठवलं. ती रात्र मी लिहीत नाही. दुसऱ्या वेळी नीट केलं. कागद आधी काकूंकडे पिठाच्या डब्यात, आधार, पासबुक, घरपट्टीची पावती, डॉक्टरची चिठ्ठी. 2005 च्या त्याच कायद्याखाली जिल्ह्याला संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडून घरगुती घटना अहवाल, म्हणजे झालेल्या छळाची सरकारी नोंद, भरून घेतला. या कायद्यात बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी, आणि कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतं, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असतो, 1984 साली मुंबईत सुरू झालेला, तिथल्या ताया पोलीस नसतात, समाजकार्य शिकलेल्या असतात, आधी तिथं जा.

मावशीला "सोड त्याला" म्हणू नका, ती तुमच्याशीही बोलायची बंद होईल. एकटी असताना तीनच गोष्टी विचारा, गळा कधी धरलाय का, मारून टाकीन म्हणतो का आणि कसं म्हणतो, आणि गेल्या वर्षभरात वाढलंय का. एकाचंही उत्तर हो आलं तर वय व्हायची वाट बघू नका, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, पण तिच्या मोबाईलवरून नको, काका कॉल हिस्टरी बघत असतील, तुमच्या मोबाईलवरून करा.