गुलामांनी 'संप' केला म्हणावं की नाही?

एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या अभ्यासगटात काळे अमेरिकन इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्या १९३५ सालच्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथातली काही प्रकरणं मराठीत आणायचं चाललंय. (आडनावाचा उच्चार फ्रेंच पद्धतीने करू नये, 'डू बॉइस' असाच करावा, असा खुद्द त्यांचा आग्रह असे.) चौथ्या प्रकरणाचं नाव 'द जनरल स्ट्राइक'. ताईंनी 'सार्वत्रिक संप' असं केलं आणि गटात वाद पेटला. एका सभासदाचं म्हणणं, गुलामाला ना पगार ना करार, तो संप कसला करणार? तिथे 'पलायन' म्हणा. दुसरा म्हणतो 'हरताळ' बरा. तिसऱ्याला 'असहकार' हवाय. ताई विचारतात, माझं चुकलं का?

चुकलेलं नाही. उलट या ठिकाणी आपला शब्द इंग्रजी शब्दापेक्षा जास्त कामाचा आहे असं मला वाटतं. का, ते सांगतो.

आधी घटना काय ती पाहू. १८६० च्या सुमारास अमेरिकेत जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती. १८६१ मध्ये उत्तरेकडची राज्यं आणि गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं. त्याच वर्षी मे महिन्यात व्हर्जिनियात तीन गुलाम रात्रीच्या अंधारात होडीने निघून उत्तरेच्या फौजेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्‍रो किल्ल्यात दाखल झाले. मालकाचा माणूस त्यांना मागायला आला. किल्ल्याचा सेनापती बटलर पेशाने वकील. त्याने सांगितलं, तुम्हीच यांना मालमत्ता म्हणता ना? मग शत्रूची मालमत्ता युद्धात जप्त करता येते. माणसं परत गेली नाहीत, पण कायद्याच्या भाषेत ती झाली 'कॉन्ट्राबँड', म्हणजे जप्तीचा माल. ही बातमी मळ्यामळ्यांतून कानोकानी पसरली आणि तिघांमागून शेकडो, मग हजारो निघाले. जिथे उत्तरेची फौज पोचेल तिथे कापसाच्या, तंबाखूच्या, उसाच्या मळ्यांतली माणसं काम टाकून तिच्या छावणीकडे चालू लागली. तिथे त्यांनी खंदक खणले, रसोई केली, गाड्या हाकल्या आणि पुढे बंदुकाही धरल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले होते.

डू बॉइस यांचं म्हणणं असं की ही नुसती काम थांबवायची इच्छा नव्हती, कामाच्या परिस्थितीविरुद्धचा तो व्यापक पायावरचा संप होता आणि अखेरीस त्यात पाचएक लाख माणसं थेट ओढली गेली. दक्षिणेची सगळी लढाई ज्या श्रमांवर उभी होती ते श्रम काढून घेतले गेले आणि समोरच्या बाजूला जोडले गेले. 'पलायन' शब्दाने यातला पहिला अर्धा भाग कसाबसा सांगता येतो, दुसरा अर्धा सांगताच येत नाही. शिवाय मराठीत त्या शब्दाला पळपुटेपणाचा वास आहे. 'पलायनवाद' म्हटलं की कोणाची स्तुती होत नाही. आणि 'फरारी' तर सरळ पोलिसांचा शब्द. हरवलेल्या गुलामांच्या जाहिराती मालकच वर्तमानपत्रांत देत असत, त्या जाहिरातींचं मराठी करायचं तर 'फरारी' तिथे चपखल बसेल. कोणाच्या तोंडचा शब्द आहे हे पाहून तो उचलावा, इतकंच.

'हरताळ' का नको? हा मूळचा हट्ट आणि ताल, म्हणजे बाजार आणि कुलूप. दुकानदार दुकानाला कुलूप घालतो तो हरताळ. मळ्यावरच्या माणसाकडे कुलूप घालायला होतं काय! बरं, मराठीत आणखी एक हरताळ आहे, पिवळं खनिज. पोथीत अक्षर चुकलं की त्यावर ते फासत. त्यावरूनच 'तत्त्वांना हरताळ फासणे'. हे दोन शब्द कुळाने वेगळे, पण मराठी कानात एकमेकांत मिसळलेले. शीर्षकात 'गुलामांचा हरताळ' वाचून कोणीतरी विचारेल, गुलामांनी कशाला फासला?

'असहकारा'चं थोडक्यात: ज्यांनी सहकार्य कधी आपणहून दिलंच नव्हतं ते ते काढून कसं घेणार? शिवाय १९२० पासून त्या शब्दावर एका विशिष्ट चळवळीची, नेत्याची आणि ठरावाची मोहोर आहे. तो वापरला की वाचक मिसिसिपीतून उठून थेट नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात जाऊन बसेल.

आता 'संप'. गुजरातीत या शब्दाचा अर्थ आजही एकोपा, सलोखा. 'संप त्यां जंप' अशी म्हणच आहे: जिथे एकी तिथे शांती. मुंबईतल्या गिरणीमालकाने ती मराठी अर्थाने वाचली असती तर त्याला फेफरं आलं असतं. एकच शब्द, पण मालाडच्या गुजराती घरात त्याचा अर्थ भांडण नसणं आणि शेजारच्या मराठी घरात काम बंद. ही उडी कशी पडली ते मराठीच्याच वाक्प्रचारांतून दिसतं. आपल्याकडे संप 'फुटतो'. थांबलेलं काम कधी फुटत नाही, फुटते ती एकजूट. 'संपफोड्या' काम मोडत नाही, एकी मोडतो. म्हणजे काम बंद पडणं हा परिणाम झाला, शब्दाच्या गाभ्यात आहे माणसांचं आपसांत ठरणं. मूळ अर्थ क्रियापदात शाबूत राहिला, आपलं लक्ष नव्हतं इतकंच. (संप आणि संपणे यांचा संबंध जोडणारे पुष्कळ भेटतात. 'संप संपला' हे वाक्य कानाला गोड लागतं, पण संबंध नाही.)

इतर भाषांत पाहा. इंग्रजी 'स्ट्राइक' आला १७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडं उतरवली त्यावरून. शिड उतरवायला आधी जहाजावर नोकरी हवी. फ्रेंच 'ग्रेव्ह' पॅरिसमधल्या प्लास द ग्रेव्ह या चौकावरून, जिथे काम नसलेली माणसं मुकादमाची वाट पाहत उभी राहत. आपल्या भाषेत नाका. फ्रेंच कामगार 'संपावर' जातो तेव्हा शब्दाच्या हिशेबाने तो नाक्यावर जाऊन उभा राहतो. स्पॅनिश 'उएल्गा' हे विसावा घेण्याच्या क्रियापदातून आलेलं. या तिघांत कुठे ना कुठे मजुरी, नोकरी, कामाची वेळ गृहीत आहे. 'संपा'त तसलं काही गृहीत नाही. माणसं हवीत आणि त्यांच्यात एक होणं हवं, बस्स. ज्याला पगार नाही असा माणूस संप करू शकतो का, हा पेच इंग्रजीत डू बॉइस यांना मुद्दाम शब्द ताणून सोडवावा लागला. मराठीत तो शब्दाच्या कुळानेच सुटलेला आहे.

आणि वापरानेही. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील पुढारी. त्या कुळांना ना पगार होता ना हजेरीपट. तरी लोकांनी त्याला काय म्हटलं? चरीचा शेतकरी संप. आजही तेच म्हणतात, कोणी 'पलायन' किंवा 'पडीक ठेवण्याची चळवळ' म्हणत नाही. तेव्हा मजुरीशिवाय संप नाही हा नियम मराठीने नव्वद वर्षांपूर्वीच मोडला आहे, आणि तोही पुस्तकात नव्हे, शेताच्या बांधावर.

काम सोडून चालतं होण्याचंही तसंच. गिरणगावात संप लांबला की कामगार कोकणात नाहीतर घाटावर गावी निघून जात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, त्यांतले कितीतरी असेच एसटीत बसले ते परत गिरणीत आलेच नाहीत. तो संप औपचारिकरीत्या मागे घेतलाच गेला नाही, असं म्हणतात. माझ्या आजोळी, परळला, 'संपाच्या आधी' आणि 'संपाच्या नंतर' अशी कालगणनाच होती. कोणाचं लग्न, कोणाचा जन्म, सगळं त्या हिशेबाने. निघून जाणं हे संपात बसतं का, असा प्रश्न त्या घरात कोणाला पडला नसता.

पहिल्या सभासदाच्या हरकतीत मात्र वजन आहे, ती झटकून टाकण्यासारखी नाही. शास्त्रशुद्ध मार्क्सवादी भाषेत कामगार तो, जो आपली श्रमशक्ती विकतो. गुलाम काही विकत नाही, तोच विकला जातो. मग तो कामगारवर्गात कसा? डू बॉइस यांच्या ग्रंथावर डावीकडूनच जे आक्षेप आले त्यांत हा सूर होता. डू बॉइस यांचं उत्तर पहिल्या प्रकरणाच्या नावातच आहे: 'काळा कामगार'. तिथे त्यांनी 'गुलाम' लिहिलेलं नाही. मळ्यावरचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांत जात होता. आधुनिक कारखानदारीच्या पायाशी हाच माणूस होता, मग त्याला कामगारांच्या इतिहासाबाहेर कसं ठेवायचं? मुंबईला हे वेगळं सांगायला नको. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैशाचा पूर लोटला आणि १८६५ ला तो फुगा फुटला. त्याच शहरात पुढे गिरण्यांची रांग उभी राहिली. मळा आणि गिरणगाव यांच्यात एक सूत आहे आणि ते शब्दशः कापसाचं आहे.

मला स्वतःला खरी अडचण दुसरीकडे दिसते. 'संप' म्हणजे एकी, तर कोणाची एकी? डू बॉइस यांचं दुसरं प्रकरण गोऱ्या कामगारावर आहे. मजुरी कमी असली तरी गोरेपणाचा मान ही एक वरकमाईच त्याला मिळत राहिली आणि म्हणून तो काळ्या कामगाराशी एक झाला नाही, अशी त्यांची मांडणी. हे मराठीत आणताना 'वर्ण' शब्द जपून वापरावा. 'वर्णभेद' रूढ आहे, पण आपल्याकडचा वर्ण वेगळा आणि तो वाचकाच्या डोक्यातून जात नाही. मी 'वंशभेद' लिहीन. पण वाचकाला चातुर्वर्ण्य आठवलंच तर ते अगदीच गैरलागू नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात पगार बरा होता आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातलं (मागाच्या शटलमधलं) सूत तोंडाने ओढावं लागे, ते उष्टं कसं चालेल! १९२८ च्या सार्वत्रिक संपात, लाल बावट्याच्या त्या मोठ्या संपात, आंबेडकरांनी हे पुढाऱ्यांपुढे मांडलं. पुढच्या वर्षीच्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला. संप हा शब्द तेव्हा गुजराती अर्थाने कमी पडत होता.

त्याच आंबेडकरांनी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकावर बोलताना जी मांडणी केली ती या अनुवादासाठी सोन्यासारखी आहे. संपाला शिक्षा ठेवणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं, आणि गुलामी म्हणजे काय, तर इच्छेविरुद्ध करायला लावलेलं काम, असं सांगताना त्यांनी अमेरिकेच्या घटनेचा हवाला दिला. ज्याला संप करता येत नाही तो गुलाम, ही झाली एक बाजू. डू बॉइस तेच वाक्य उलटीकडून वाचतात: ज्या क्षणी गुलाम संप करतो, त्या क्षणी तो गुलाम उरत नाही. १९४६ मध्ये या दोघांचा पत्रव्यवहारही झाला, पण संपाबद्दल नव्हे, संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निवेदनाबद्दल.

आणखी एक गोष्ट, ती व्याकरणाची. अमेरिकेतली गुलामी मराठीत ठसठशीतपणे आली ती १८७३ साली, जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेतून. ती वाहिली आहे अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. जोतीरावांना इथल्या वरच्या जातींना लाजवायचं होतं, त्यासाठी तो कित्ता चोख होता. पण त्या वाक्यात सोडवणारे कर्ते आहेत आणि गुलाम कर्म. 'गुलामांना मुक्त केलं', 'गुलाम मुक्त झाले', शाळेच्या पुस्तकांतही आपण हीच दोन वाक्यं शिकलो. बासष्ट वर्षांनी डू बॉइस जे करतात ते एवढंच की विभक्ती बदलतात: गुलामांनी. घडून गेलेलं सांगताना 'नी' प्रत्यय लागला की पुढे सकर्मक, करण्याचं क्रियापद लागतं, आणि ते कोणतं, यावर तुमच्या गटात भांडण चाललंय.

तेव्हा शीर्षक 'सार्वत्रिक संप' ठेवा. 'सर्वव्यापी', 'आम' वगैरे नकोत, १९२८ पासून रुळलेलं विशेषण हेच. मजकुरात जिथे मालक बोलतोय तिथे 'फरारी', जिथे लष्कराचे कागद बोलतायत तिथे 'जप्तीचा माल', आणि जिथे डू बॉइस स्वतः बोलतात तिथे 'काळा कामगार' आणि 'संपकरी'. हैतीचा उल्लेख आला तर तिथे मात्र 'संप' लावू नका. १७९१ ला तिथे उसाचे मळे पेटले आणि १८०४ ला देश स्वतंत्र झाला, ती क्रांतीच. आणि 'पलायन' सुचवणाऱ्या तुमच्या मित्राला एकदा विचारा, गिरणीतून गावी गेलेल्यांना तो काय म्हणतो.