राग परत येतो, म्हणजे माझी क्षमा खोटी?

"ताई, मी त्याला माफ केलंय. देवासमोर तसं बोललेय. मग नुसतं त्याचं नाव निघालं तरी अंगाची लाही लाही का होते? माझी क्षमा खोटी आहे का?"

ख्रिस्ती कुटुंबांसोबत काम करताना हा प्रश्न मी वारंवार ऐकते. या वेळी विचारणाऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईच्या शेवटच्या आजारपणात त्या तिच्या उशाशी बसून असताना धाकट्या भावाने दवाखान्याचे कागद म्हणून सह्या घेतल्या आणि घर आपल्या नावावर केलं. त्याला ना खंत, ना खेद. "येशूने क्षमा केली, तुम्हीही करा," असं चर्चच्या मंडळीतले लोक सांगून मोकळे झाले. उपासनेत प्रभूची प्रार्थना चालू असताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ आली की बाई तोंड मिटून घ्यायच्या. देवापुढे खोटं कसं बोलायचं?

मला तर तो प्रामाणिकपणाच वाटला.

बायबलमधल्या मत्तय 18 मधला येशूचा दाखला आम्ही दोघींनी वाचला. धन्याने दहा हजार तालांतांचं, म्हणजे जन्मात न फिटणारं, कर्ज सोडलेला चाकर सोबत्याच्या शंभर दिनारांसाठी त्याचा गळा धरतो. प्रवचनात हे शंभर दिनार बहुतेक वेळा किरकोळ ठरतात. पण एक दिनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची कमाई बुडाली तर कुणाचाही जीव तळमळेल. आधी कर्ज किती ते मांडा, मग सोडायचं बघू, असं मी सुचवलं. बाईंनी आधी घर लिहिलं. मग बराच वेळ थांबून लिहिलं, 'आईसोबतचे शेवटचे दिवस.' ते दिवस आठवायला गेलं की आता सह्याच आठवत होत्या. स्तोत्र 55 मध्ये दावीद म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण हा तर माझा जिवलग. ते वाचताना त्या पहिल्यांदा रडल्या.

खरी दमछाक निराळीच होती. भावाविषयीचं प्रेम त्या स्वतःच्या मनातून ओढून काढू पाहत होत्या आणि विहीर कोरडी होती. रोमकरांस पत्रात (5:5) प्रेषित पौल म्हणतो की देवाची प्रीती पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या अंतःकरणात ओतली जाते. म्हणजे ती बाहेरून येते. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना घरात लपवल्याबद्दल पकडल्या गेलेल्या डच ख्रिस्ती बाई कोरी टेन बूम यांचा अनुभव मी त्यांना सांगितला. कोरींची बहीण बेट्सी नाझींच्या राव्हेन्सब्रुक छळछावणीत वारली. 1947 मध्ये म्युनिकला तिथलाच एक जुना पहारेकरी हात पुढे करून क्षमा मागू लागला, तेव्हा कोरींचा हात उठेना. 'मला जमत नाही, तुझी क्षमा दे,' अशी मनातल्या मनात प्रार्थना केल्यावर तो उठला. त्याच कोरींना पुढे काही ख्रिस्ती स्नेह्यांनी दुखावलं, तर पुन्हा झोप उडाली, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. हे ऐकून बाईंचा चेहरा सैलावला. त्यांची प्रार्थनाही बदलली: "प्रभू, माझ्याकडे त्याच्यासाठी प्रेम नाही. आजच्यापुरतं तुझं दे." राग आला की पुन्हा हेच. कृपा रोज मागावी लागली म्हणून कालची क्षमा रद्द होत नाही.

काही महिन्यांनी त्या ती ओळ म्हणू लागल्या. राग अजून येतो, पण मुक्काम करत नाही. भाऊ आहे तसाच आहे.

मग भाचीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. जावं का, आणि गेल्यावर त्याच्यावर पूर्वीसारखा भरवसा ठेवावा लागेल का, असं त्यांनी विचारलं. 2 तीमथ्य 4 मध्ये, आपल्याला एकटं टाकून गेलेल्यांचा हिशेब होऊ नये असं पौल म्हणतो. आणि त्याच्या जेमतेम एक ओवी आधी आपलं फार वाईट करणाऱ्या आलेक्सांद्र तांबटापासून जपून राहा, असंही आपला शिष्य तीमथ्य याला बजावतो. म्हणून म्हटलं, मनात असेल तर जरूर जा, भाचीला आशीर्वाद द्या. भावाने कुठला कागद पुढे केला, तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.