वाचकांचे प्रश्न : प्रार्थनेत झोप लागते, हा अविश्वास आहे का?

प्रश्न : मी भायखळ्याला चाळीत राहते आणि गेली नऊ वर्षे घरातूनच डबे देते. रोजचे चाळीस डबे आणि वर सुट्या पोळ्यांची ऑर्डर असते. पहाटे साडेतीनला उठून नळाला पाणी येण्याआधी कणीक भिजवते आणि नऊला डबेवाले दादा येईपर्यंत पाठ टेकत नाही. दुपारी मंडईतून भाजी आणणे, ती निवडणे, भांडी, हिशेब. मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांचेही सगळे मलाच करावे लागते. रविवारी डबे नसतात, पण पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते, कारण मुलाची फी त्यातूनच निघते. रात्री पवित्र शास्त्र (बायबल) उघडले की दोन ओळींत डोळे मिटतात आणि प्रार्थनेला गुडघे टेकले की तिथेच झोप लागते. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "विश्वास पक्का असला की माणूस थकत नाही, देव कोणाला शक्तीपलीकडचे ओझे देत नाही." तेव्हापासून माझ्याच विश्वासात खोट आहे असे वाटते. पूर्वीचा धीर गेला कुठे?
— एक भगिनी, भायखळा

उत्तर : ताई, आधी त्या बाईंच्या वाक्याविषयी लिहिते, कारण ते ऐकल्यापासून तुमच्या कष्टांवर अपराधीपणाचीही भर पडली आहे. त्या म्हणतात तसे वचन शास्त्रात नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की देव तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडे होऊ देणार नाही. पण तिथे विषय मूर्तिपूजेच्या मोहाचा आहे, घरकामाचा, आजारपणाचा किंवा कर्जाचा नाही. तोच पौल त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी, आशियात आपण शक्तीपलीकडे दडपले गेलो आणि जगण्याचीही आशा सोडली, असे उघड लिहितो. ज्याने हे लिहिले त्याच्या विश्वासात खोट होती, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही.

तुम्ही ज्या धीराविषयी विचारता, त्याचा उल्लेख इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. ज्यांची मालमत्ता लुटली गेली होती, ज्यांची निंदा झाली होती आणि जे आता थकून मागे सरू लागले होते, अशा लोकांना लेखक म्हणतो की आपले धैर्य टाकू नका, तुम्हाला सहनशक्तीची गरज आहे. इथे 'धैर्य' या अर्थाने आलेला मूळ ग्रीक शब्द 'पार्रेसिया' असा आहे. ग्रीक नगरांत सभेपुढे न भिता मनातले बोलण्याच्या नागरिकाच्या अधिकाराला हा शब्द वापरीत. म्हणजे जे टाकून देऊ नका असे सांगितले आहे, त्यात देवासमोर मोकळेपणाने बोलण्याची मुभाही आहे. "प्रभू, आज माझ्याने होत नाही," हे तुम्ही रात्री गुडघ्यांवर म्हणालात आणि त्याच वाक्यावर झोप लागली, तरी ते धैर्य तुम्ही टाकलेले नाही. 'सहनशक्ती'साठीचा शब्द 'हुपोमोने' असून त्याचा शब्दशः अर्थ भाराखाली टिकून राहणे असा होतो, आणि भाराखाली असलेल्या माणसाला भार जाणवणारच.

प्रार्थनेतल्या झोपेबद्दल कोणी तुम्हाला गेथशेमाने बागेचा, म्हणजे अटकेच्या रात्री येशूने प्रार्थना केली त्या जागेचा, दाखला देईल, म्हणून तेही सांगते. तिथे प्रभूने झोपलेल्या शिष्यांना जागे केले हे खरे. पण आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे, हेही त्यानेच म्हटले, आणि शिष्य दुःखामुळे झोपी गेले होते असे लूक नोंदवतो. स्वतः प्रभू वादळात नावेच्या मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपला होता.

मला मात्र तुमचे पत्र वाचताना सारखा एलीया संदेष्टा आठवत होता. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाल्यानंतर ईजबेल राणीची धमकी येताच तो पळत सुटला, रानात एक दिवसाची मजल गेला आणि एका झुडपाखाली बसून "परमेश्वरा, आता पुरे झाले, माझा प्राण घे," असे म्हणाला. या प्रार्थनेला उत्तर म्हणून देवाने त्याला आधी झोपू दिले. मग देवदूताने त्याला हात लावून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून सांगितले की खाऊन घे, वाट तुला झेपण्यासारखी नाही. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देवाने विचारला तो त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगराला पोहोचल्यावर. येशूच्या पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावरही असेच घडले. रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांसाठी प्रभूने स्वतः कोळशाचा विस्तव केला होता, त्यावर मासळी आणि भाकर तयार होती, आणि "या, न्याहारी करा," असे म्हणून त्याने त्यांना जेवू घातले. त्याला नाकारलेल्या पेत्र या शिष्याला विचारायचे होते ते त्याने न्याहारीनंतर विचारले. रोज चाळीस घरच्या माणसांसाठी तव्यापुढे उभ्या राहणाऱ्या तुम्हाला, आपल्यासाठीही कोणी विस्तव पेटवून बसला आहे, हे वाचून काय वाटेल याची मला कल्पना करता येते.

माझी आई परळला गिरणी कामगारांची खानावळ चालवीत असे. तिला सलग प्रार्थना करताना मी क्वचितच पाहिले, पण पहिली पोळी तव्यावर पडली की ती "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" एवढेच म्हणत असे आणि पोळी उलटून पुढच्या कामाला लागत असे. तुम्हीही सध्या एवढेच करा. शास्त्राचे अध्याय मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही भाजी निवडत ऐका. मिस्टरांनाही ऐकता येईल.

यापुढचे मी आग्रहाने सांगते. अमालेकांशी झालेल्या लढाईत मोशेचे हात वर होते तोवर इस्राएलाची सरशी होत होती, पण ते हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. एकट्याने उभे राहण्याचा हट्ट मोशेने धरला नाही. आपल्या मुंबईतही 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, कारण एकेकटीला बँक दारात उभी करीत नव्हती आणि सावकाराचे व्याज फिटत नव्हते. तुमच्या चाळीत पोळ्या लाटायला येऊ शकेल अशी एखादी गरजू बाई असेलच. सुट्या पोळ्यांच्या ऑर्डरीचा निम्मा पैसा तिला द्यावा लागला तरी द्या. मंडळीच्या पाळकांना भेटा आणि आठवड्यातून एक दुपार कोणी मिस्टरांजवळ बसेल का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. त्यासाठी संकोच करू नका. त्या बाईंनाही विचारा. कदाचित त्या आनंदाने येतील.

रविवारच्या ऑर्डरी एकदम बंद करणे तुम्हाला परवडणार नाही, हे मला कळते. तरीही महिन्यातला एक रविवार मोकळा ठेवा. 'अनुवाद' या पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा देताना देवाने कारण सांगितले आहे की तुम्ही मिसर देशात दास होता याची आठवण ठेवा. अखंड राबणाऱ्यांचे हाल पाहूनच विसाव्याचा दिवस ठरवून दिला गेला. त्या दिवशी उपासनेत डुलकी लागली तरी चालेल, मागच्या बाकावर बसा.

आणखी एक गोष्ट या आठवड्यातच करा. इतका थकवा नुसत्या कामाचाच असेल असे धरून चालू नका. अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉईडचा त्रास असला तरी असेच होते. जवळच्या दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. सकाळी डबे गेल्यावर जाता येईल. अहवाल हाती आला की मला पुन्हा लिहा, आणि लाटायला कोणी मिळाले का तेही कळवा.